जुन्या खाचेत नवं ब्लेड

१

शाफ्ट दहा इंच जाडीचा होता आणि तिरका कापला गेला होता. कापही पुरता झालेला नव्हता. दोन तृतीयांश आत जाऊन बँडसॉचं, म्हणजे पट्ट्याच्या यांत्रिक करवतीचं, ब्लेड तिथेच रुतून बसलं होतं आणि हातभर लांबीतले त्याचे दात साफ झडून गेले होते. चार महिने वाट पाहून आलेलं ते पोलाद. त्याचे बरोबर मधोमध दोन तुकडे करायचे होते, शहराला पाणी चढवणाऱ्या दोन पंपांसाठी. आता एक तुकडा आखूड पडणार होता, आणि आखूड तुकडा लांब करण्याची विद्या कुठल्याच कारखान्यात शिकवत नाहीत.

हे मंगळवारी दुपारी घडलं. बुधवारी सकाळी दातेबाई शेंगा सोलत बसल्या होत्या, तेव्हा त्यांची भावजय दारात येऊन उभी राहिली. एका पायात एक चप्पल, दुसऱ्या पायात भलतीच.

"ताई, ह्यांना आज चार वाजता सही करायला बोलावलंय. माझ्या हलगर्जीपणामुळे शाफ्ट वाया गेला, असं लिहून द्यायचं आणि घरी जायचं. रिटायर व्हायला पाच महिने राहिलेत हो!"

"तो काय म्हणतो?"

"काही म्हणत नाहीत. भिंतीकडे तोंड करून पडलेत."

दातेबाई हे काही त्यांचं खरं आडनाव नव्हे. सत्तावीस वर्षं त्यांनी त्या कारखान्यात बँडसॉची ब्लेडं जोडली होती. लांबलचक गुंडाळीतून मापाचं ब्लेड तोडायचं, दोन टोकं वेल्ड करून त्याची माळ करायची, जोड घासायचा आणि शेवटी दात मोजायचे. कोणीतरी एकदा गमतीने दातेबाई म्हणालं आणि खरं आडनाव पगारपत्रकापुरतं उरलं. काम सोडून अकरा वर्षं झाली तरी बाजारात त्यांना कोणी दुसऱ्या नावाने हाक मारत नसे.

त्यांनी शेंगांची परात बाजूला सारली, खुंटीवरची गडद निळी शाल घेतली आणि आधी भावाचं घर गाठलं.

भाऊ खरंच भिंतीकडे तोंड करून पडला होता. कारखान्यात त्याला करवत्या म्हणत. बत्तीस वर्षं एकच मशीन. आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता. त्याला न्हाऊमाखू घालण्यापासून कामाला चिकटवण्यापर्यंत सगळं दातेबाईंनीच केलेलं.

"उठ. मला नीट सांग."

"काय सांगू? छातीचे एक्स-रे काढायला गाडी आली होती. बारा वाजता सगळे पुढच्या इमारतीत गेले. मी मशीन बंद केलं, ब्लेड खाचेतून वर उचललं, त्याचा ताण सैल केला आणि गेलो. अडीचला परत येऊन बघतो तर हे."

"ताण का सैल केलास?"

"तूच शिकवलंस ना? दोन तास मशीन थांबणार, तर ब्लेडला उगाच ताणून ठेवायचं नाही."

"किती कापून झालं होतं?"

"एक तृतीयांश. सरळ, ताई. गुण्या लावून काटकोन बघ."

"मग सही करू नकोस."

तो उठून बसला. डोळे लाल झाले होते. "सही केली नाही तरी काय? मी मेल्यावरही लोक म्हणणार, तो बघा, शाफ्ट तिरका कापणारा. बत्तीस वर्षांत माझा एक काप तिरका गेला नाही. एक!"

दातेबाईंनी घड्याळ पाहिलं. दहा वाजून गेले होते.

२

कारखान्याच्या फाटकातून आत शिरलं की उजवीकडे लोखंडी जिना आणि वर सज्जा. सज्जात थोरले मालक उभे होते. ऐंशी वर्षांचे. एका शेडमध्ये हेच एक बँडसॉचं मशीन घेऊन त्यांनी कारखाना सुरू केला होता. नवरा गेल्यावर दारोदार काम शोधणाऱ्या दातेबाईंना, "बाईमाणसाला काय जमणार?" असं न विचारता आत घेणारे तेच. तीन वर्षांपूर्वी त्यांची बाही मशीनमध्ये ओढली जाता जाता वाचली. त्या दिवशी मुलाने त्यांच्याकडून सगळ्या किल्ल्या मागून घेतल्या होत्या. आता ते रोज येत, सज्जात उभे राहत आणि संध्याकाळी घरी जात.

"कोण, दातेबाई का? चालण्यावरून ओळखलं. काळी शाल पांघरून कोणाच्या दुःखाला निघालीस?"

दातेबाईंनी आपल्या शालीकडे पाहिलं. म्हातारा थट्टा करतोय, असं त्यांना वाटलं. "दुःख आहे की नाही ते चार वाजता कळेल, मालक."

एरवी त्यांच्या उत्तराला थोरले खदखदून हसत. आज हसले नाहीत.

धाकटे मालक वर ऑफिसात होते. चाळिशीचा, सरळ, घाईचा माणूस. "दातेबाई, तुमच्याबद्दल आदर आहे. पण तुम्ही बहीण आहात त्यांची."

"बहीण म्हणूनच आले. पण दात मोजायला बहीण लागत नाही. चार वाजेपर्यंत मला मशीन बघू द्या, माणसांशी बोलू द्या. नंतर हवं तर दोघांनाही बाहेर काढा."

धाकट्यांनी फोरमनला बोलावलं. फोरमन बोलताना बोटांवर मोजत असे. त्याने करंगळीपासून सुरुवात केली.

"एक, शॉपमधून सगळ्यात शेवटी करवत्या निघाला. दोन, एक्स-रेच्या रांगेत त्याचा नंबर शेवटचा, म्हणजे तोवर तो कुठे होता कोणी पाहिलं नाही. तीन, स्टोअरमधून त्या दिवशी एकच ब्लेड गेलं, तेही त्याच्या सहीने. आता चौथं बोट मोडू का?"

"मोडू नका, पुढे लागेल," दातेबाई म्हणाल्या. "मशीनला कोणी हात लावला?"

"कोणी नाही. काल अडीचपासून ताडपत्री टाकून ठेवलीय. मी स्वतः."

"हे एक काम मात्र फार छान केलंत."

खाली येऊन ताडपत्री काढली. दातेबाईंनी चष्मा चढवला, हातमोजे मागून घेतले आणि आधी ब्लेडकडे न बघता खाली वाकून पोलादाचा कीस पडतो तो ट्रे ओढला. फोरमनने भुवया उंचावल्या.

"बाई, चोर वर आहे. तुम्ही खाली काय शोधता?"

"मशीन बोलत नाही हो. जे काही सांगतं ते खाली टाकतं."

ब्लेड थंड ठेवणाऱ्या कुलंटने ओला झालेला कीस ट्रेमध्ये ढिगासारखा साचला होता. त्यांनी स्टीलची फुटपट्टी उभी घालून ढीग केकसारखा कापला आणि एक बाजू हळूच सरकवली. ढिगात तीन थर होते. तळाचा चंदेरी, कुरळा, सुटसुटीत. असा कीस पडतो तेव्हा ब्लेड सुखात असतं. त्याच्यावर जाड, आखडलेला, जळून निळा पडलेला थर. कोणीतरी ब्लेडवर भलताच दाब दिला होता; त्यानेच ते वाकलं आणि काप तिरका गेला. आणि सगळ्यात वर, जेमतेम चिमूटभर, भुकटीसारखा बारीक कीस.

दातेबाई त्या भुकटीकडे बराच वेळ बघत राहिल्या. भुकटी पडते ती अगदी हलक्या दाबाला. इतका हलका दाब कारागीर एकदाच देतो: ब्लेड कोरं असताना. कोऱ्या ब्लेडचे दात कोवळे असतात. पहिल्या कापांना त्यांना जपावं लागतं, नाहीतर टोकं उडतात.

म्हणजे निळ्या थरानंतर ब्लेड बदललं होतं. एका कापात दोन ब्लेडं.

त्यांनी वरचं झाकण उघडलं. चाकावरचं ब्लेड बोटांनी चाचपत चाचपत त्या त्याच्या जोडापर्यंत आल्या. हल्ली ब्लेडं बाहेरून तयार जोडून येत. त्यांच्यावर छापील नंबर असे आणि जोड कुठेही पडलेला असे, कधी कधी दाताच्या ऐन मुळावर. ह्या ब्लेडवर नंबर नव्हता. जोड दोन दातांच्या मधल्या खोबणीत बरोबर मध्यावर आला होता आणि लांबीच्या दिशेने, एकाच रेषेत घासलेला होता.

अशा जागी जोड घेणारं माणूस ह्या कारखान्यात एकच होऊन गेलं होतं.

दातेबाईंनी हात मागे घेतला. तो जोड त्यांचा स्वतःचा होता.

३

स्टोअरकीपर हा भित्रा, नीटनेटका माणूस. ब्लेड द्यायचं झालं की तो एकावर एक दोन हातमोजे घालत असे.

"माझ्या काळातली ब्लेडं शिल्लक आहेत का रे कुठे?"

"छे, मावशी! मी लागलो त्याच वर्षी जुनं सगळं भंगारात दिलं. आणि मला सांगू नका हं ते काढायला. ती ब्लेडची घडी सुटली ना, की फणा काढते. एकदा हनुवटीवर बसलीय मला. अजून खूण आहे, बघा."

"बघितली. छोटीशीच आहे."

"तुम्हाला छोटी!"

"काल बारा ते दोन तू कुठे होतास?"

"रांगेत तिसरा. एक्स-रेवाल्याने श्वास धरा म्हटलं आणि सोडा म्हणायला विसरला. विचारा कोणालाही, सगळे हसत होते."

पैलवान दुसऱ्या पाळीत बँडसॉ चालवायचा. करवत्या गेला की पहिल्या पाळीचं मशीन त्याच्याकडे येणार, हे सगळ्यांना माहीत होतं. त्यालाही माहीत होतं.

"मावशी, मला विचारायच्या आधीच सांगतो. मला ते मशीन हवंय. पण असं नकोय."

"कसं हवंय?"

"काकांनी हाताने द्यावं. मशीन पुसून, ब्लेड लावून, ताण बघून. चोरून घेतलेल्या मशीनवर मन लागतं का?"

"समज, दहा इंची शाफ्ट आहे. अर्ध्यात ब्लेड गेलं. आता काय करशील?"

"नवं लावीन."

दातेबाई त्याच्याकडे बघत राहिल्या.

"आणि शाफ्ट उलटवीन," पैलवान हसून म्हणाला. "फसवता काय? झिजलेल्या ब्लेडची खाच अरुंद असते. नवं ब्लेड रुंद. त्या खाचेत घातलं की आवळतं आणि दात जातात. शाफ्ट फिरवून दुसऱ्या बाजूने नवीन काप घ्यायचा. पहिल्या आठवड्यात काकांनी मला हे शिकवलं, तेसुद्धा कान धरून."

"एकट्याला उलटवता येईल?"

"क्रेनने येईल की." त्याने कमरेची किल्ली वाजवली. "एक माझ्याकडे, एक फोरमनसाहेबांकडे. तिसरी नाही."

काल दुपारी तो कुठे होता, हे दातेबाईंनी विचारलंच नाही. दोन प्रहरच्या भोंग्याबरोबर त्या भंगाराच्या पिंपाशी गेल्या आणि सफाईवाल्याला म्हणाल्या, "दादा, हे सगळं उपसायचंय. मी धरते, तू काढ."

"काय शोधायचंय, बाई?"

"साप."

तो एकदम दोन पावलं मागे सरला. "लोखंडाचा," दातेबाई म्हणाल्या तेव्हा कुठे पुन्हा पुढे आला.

साप तळाशी सापडला. छापील नंबराचं ब्लेड. दात जळून बोथट झालेले. नंबर स्टोअरच्या वहीतल्या करवत्याच्या सहीपुढचाच. पण दातेबाईंचं लक्ष नंबरावर नव्हतं. पंधरा फुटी ब्लेड तीन वेढ्यांत सुरेख दुमडलेलं होतं आणि दोन ठिकाणी तारेने बांधलेलं. एकट्याने ते दुमडायचं म्हणजे पायाखाली एक बाजू धरून मनगटाला एक पीळ द्यावा लागतो. तो पीळ येणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. आणि निकामी ब्लेड भंगारात टाकतानाही तारेने बांधायचं, म्हणजे उपसणाऱ्याच्या अंगावर ते सुटू नये, इतकी काळजी घेणारी त्याहून कमी.

म्हणजे हा माणूस नवशिका नव्हता. त्याला दुमडणं येत होतं. कोऱ्या ब्लेडला जपणं येत होतं. तरीही त्याने नवं ब्लेड जुन्या खाचेत घातलं होतं.

सगळं येणाऱ्या माणसाने असं का करावं?

दातेबाई पिंपाला टेकून उभ्या राहिल्या. उत्तर मघापासून त्यांच्या मनात दाराशी येऊन थांबलं होतं. त्या त्याला आत घेत नव्हत्या.

४

दातेबाई लोखंडी जिना पुन्हा चढल्या. पूर्वी दिवसातून दहादा त्या हा जिना चढायच्या, ब्लेडचा हिशेब सांगायला, कधी भांडायला.

थोरल्यांच्या खोलीत फारसं काही बदललं नव्हतं. तेच टेबल, तीच खिडकी, आणि खिडकीतून खाली दिसणारं मशीन.

"ये, बस. चहा सांगू?"

"नको, मालक."

दातेबाई बसल्या आणि मग त्यांनी समोरच्या भिंतीकडे पाहिलं. भिंतीत एक खिळा होता. खिळ्याखाली रंगावर तीन वेढ्यांची फिकट, स्वच्छ खूण. भोवती अकरा वर्षांची धूळ.

त्यांच्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी त्यांनी एक शेवटचं ब्लेड जोडलं होतं. उद्यापासून ब्लेडं तयार येणार होती. थोरले स्वतः खाली आले, ते ब्लेड त्यांनी मागून घेतलं, तीन वेढ्यांत दुमडलं आणि म्हणाले होते, "हे मी वापरणार नाही. हे माझ्या भिंतीवर राहील." त्या दिवशी दातेबाई घरी जाऊन खूप रडल्या होत्या, इतकी वर्षं केलेल्या कामाचा असा मान कोणाला मिळतो?

आता दोघंही त्या रिकाम्या खिळ्याकडे बघत होते.

"रंग द्यायला काढलंय," थोरले म्हणाले.

"बरं."

खाली कुठेतरी ग्राइंडर सुरू झाला आणि बंद पडला.

"करवत्याला मी वाऱ्यावर सोडणार नाही, दातेबाई. माझ्या ओळखीचे दोन कारखाने आहेत. उद्याच्या उद्या कामाला लावतो."

"पाच महिन्यांसाठी?"

थोरल्यांनी समोरचा पाण्याचा पेला उचलला. एक घोट घेऊन परत ठेवला. "तुला आठवतं, तू आलीस तेव्हा सगळे मला वेड्यात काढत होते?"

"आठवतं, मालक. एक दिवसही विसरले नाही."

त्या उठल्या. दारात क्षणभर थांबल्या. आता हे काहीतरी बोलतील, असं त्यांना वाटलं. थोरले खिडकीतून खाली बघत राहिले. सव्वातीन झाले होते.

५

ऑफिसच्या टेबलावर कागद होता आणि कागदावर पेन. करवत्या खुर्चीत न बसता उभाच होता. फोरमन, पैलवान, स्टोअरकीपर भिंतीशी. थोरले कोपऱ्यातल्या खुर्चीत, हनुवटी काठीवर टेकून.

"बोला, दातेबाई," धाकटे म्हणाले.

त्यांनी दुमडलेलं ब्लेड टेबलावर ठेवलं. "हे करवत्याने स्टोअरमधून नेलेलं. नंबर बघा. भंगारात सापडलं. मशीनवर आहे ते दुसरं. म्हणजे वहीत एक आणि कापात दोन."

फोरमनने नंबर पाहिला, वही पाहिली आणि कपाळावर हात मारला.

"पण मग दोन्ही ब्लेडं करवत्यानेच वापरली असतील," धाकटे म्हणाले. "पहिलं घालवलं, घाबरून दुसरं लावलं."

"असू शकेल. म्हणून पुढचं ऐका. ज्याने हे केलं त्याला काम येतं. त्याने ब्लेड एकट्याने दुमडलं, तारेने बांधलं. इथे स्टोअरकीपर सुटला."

"देव तुमचं भलं करो," स्टोअरकीपर पुटपुटला.

"धाकटे मालक, तुम्हीही सुटलात. राग मानू नका, पण तुम्हाला ब्लेडची कुठली बाजू वर ते सांगता यायचं नाही."

पैलवान खोकला. धाकट्यांनी त्याच्याकडे बघितल्यावर थांबला.

"ज्याला एवढं येतं, त्याला हेही माहीत असणार की नवं ब्लेड जुन्या खाचेत घालत नाहीत, शाफ्ट उलटवतात. मग उलटवला का नाही? कारण एकट्याला क्रेनशिवाय तो हलत नाही. आणि क्रेनची किल्ली त्याच्याकडे नव्हती. पैलवान आणि फोरमनसाहेब, तुमच्याकडे होती. तुम्ही असता तर शाफ्ट उलटवला असता. त्या माणसाकडे किल्ली नव्हती, मदतीला कोणाला हाक मारायची सोय नव्हती आणि लोक परत यायची वेळ होत आली होती. त्याने चूक माहीत असून केली."

"किल्ली माझ्याकडेही नव्हती, ताई," करवत्या हळूच म्हणाला.

"नव्हती. म्हणून हे आणलंय."

त्यांनी कागदाच्या दोन पुड्या उघडून टेबलावर ठेवल्या. "ह्या ट्रेमधल्या. पहिला थर आणि दुसरा. एकेकाने सांगा, काय दिसतं?"

करवत्या वाकला. "ही चांगली. ही जळकी. निळी पडलीय पार. असा कीस पडायला लागला की तिसऱ्या श्वासाला हात दाब कमी करायला जातो, ताई. ढीग होईपर्यंत कोण बघत बसेल?"

"निळी," फोरमन म्हणाला.

"निळी," पैलवान म्हणाला.

"निळी," स्टोअरकीपर म्हणाला, "मला कामातलं काही कळत नाही, पण निळी."

धाकटेही वाकून म्हणाले, "निळी. मग?"

"मग असं, की सगळं येणारा माणूस मशीनपाशी उभा राहून हातभर ढीग जळेपर्यंत दाब देत राहिला. त्याला काम येत होतं. त्याला तो रंग दिसला नाही."

दातेबाईंनी पुड्या पुन्हा बंद केल्या आणि मुठीत धरल्या. पुढचं वाक्य तोंडाशी आलं होतं. सज्जातून 'काळी शाल' म्हणणारा आवाज कानात होता, आणि अंगावरची शाल गडद निळी होती. त्यांनी भावाकडे पाहिलं. त्याच्यापुढे पेन होतं. त्यांनी तोंड उघडलं.

"दे इकडे."

थोरल्यांनी हात पुढे केला होता. दातेबाईंनी पुड्या त्यांच्या तळहातावर ठेवल्या. म्हाताऱ्याने त्या उघडून खिडकीच्या उजेडात धरल्या, जवळ आणल्या, लांब नेल्या.

"मला दोन्ही राखाडीच दिसतात," ते म्हणाले.

"बाबा?"

"जळका वास आला तेव्हा कळलं. तोवर काप तिरका गेला होता. भिंतीवरचं ब्लेड काढलं. म्हटलं, हलक्या हाताने जातंय का बघू. नाही गेलं. एक्स-रेची गाडी सुटल्याचा आवाज आला आणि मी वर येऊन बसलो."

"बाबा, तुम्हाला मी किती वेळा सांगितलं होतं, मशीनला हात—"

"सांगितलं होतंस. म्हणूनच गप्प बसलो." थोरल्यांची काठी जमिनीवर आपटली. "कळलं असतं तर उद्यापासून मला फाटकाच्या आतही घेतलं नसतंस. दोन तास शेड रिकामी होती रे. तीन वर्षांत पहिल्यांदा. मला वाटलं, सगळे परत येतील तेव्हा माझ्या हातचा काप झालेला असेल."

धाकट्यांनी टेबलावरचा कागद उचलला आणि चुरगळला.

थोरले उठून करवत्यासमोर आले. "चुकलो मी."

करवत्याने मान हलवली. "इथे नाही, मालक."

"म्हणजे?"

"माझं नाव खाली शेडमध्ये गेलंय. चाळीस माणसांसमोर. ह्या खोलीत परत देऊन कसं चालेल?"

फोरमनला हे फार झालं असं वाटलं असावं. तो पुढे सरला. थोरल्यांनी त्याला हाताने थांबवलं आणि काठी टेकत जिना उतरायला लागले. एकेक पायरी. कोणी हात धरायला गेलं तर झिडकारत. खाली भोंगा वाजवून सगळ्यांना गोळा केलं. सगळ्यात जुन्या मशीनपाशी उभं राहून, शेवटच्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी सगळं सांगितलं: काय केलं, कसं केलं आणि दुसऱ्याच्या माथी पडताना कसे गप्प बसले.

मग करवत्याने शाफ्टवर गुण्या लावून बघितला. "लांब तुकडा वाचेल," तो धाकट्यांना म्हणाला. "एक पंप वेळेवर देता येईल. दुसऱ्यासाठी पोलाद मागवा." थोरल्यांकडे त्याने पाहिलं नाही. पैलवानाला म्हणाला, "उद्या सकाळी लवकर ये. क्रेनची किल्ली आण."

६

बहीणभाऊ चालत घरी निघाले. रस्त्यावर शाळा सुटल्याची गर्दी होती. कोपऱ्यावरचं दुकान आलं.

"पार एवढासा झाला गं म्हातारा," करवत्या म्हणाला.

"हो."

"मी फार ताणलं का? खाली न्यायला नको होतं?"

"न्यायलाच हवं होतं."

समोरून येणाऱ्या एका ओळखीच्याने हात केला, यानेही केला. मग एकदम थांबून त्याने विचारलं, "ताई, खरं सांग. त्यांनी हात पुढे केला नसता, तर तू नाव घेतलं असतंस?"

दातेबाईंनी चष्मा काढला. पदराने पुसला. पुन्हा घातला.

"घेतलं असतं."

"त्यांनी तुला उभं केलं होतं."

"म्हणून तर पाऊण तास जिन्यात बसून होते. त्यांनी स्वतः बोलावं म्हणून." त्या चालायला लागल्या. "घेतलं असतं मी नाव. आणि मग आयुष्यात पुन्हा त्या फाटकातून आत गेले नसते. चल, तुझी बायको दारात उभी असेल, दोन पायांत दोन चपला घालून."

करवत्या हसला नाही. त्याने नुसता बहिणीचा हात धरला, लहानपणी रस्ता ओलांडताना धरायचा तसा, आणि घर येईपर्यंत सोडला नाही.